जन्माआधीचा दुष्काळ

घरात मनाचा आजार निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कुणावर गेला?’ आईच्या माहेरी कुणाला होतं का, वडिलांच्या भावकीत कुणाला होतं का, याची कुजबुज सोयरिकीच्या बैठकीपर्यंत जाते. आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे. स्किझोफ्रेनियात तर तो मोठा आहे. पण त्याच प्रश्नाचं आणखी एक उत्तर नेदरलँड्समधल्या शिधावाटपाच्या नोंदींत सापडलं. त्या उत्तराचा कुणाच्या घराण्याशी संबंध नव्हता.

सप्टेंबर १९४४. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात होतं. दोस्त राष्ट्रांच्या फौजा देशात शिरत होत्या. त्यांना मदत व्हावी म्हणून लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या डच सरकारने रेल्वे कामगारांना संपाची हाक दिली. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारं अन्नधान्य अडवलं. नोव्हेंबरात बंदी थोडी सैल झाली, पण तोवर कडाक्याची थंडी पडून कालवे गोठले आणि धान्याच्या बोटी चालेनात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये माणशी शिधा नोव्हेंबरअखेर दिवसाला १००० कॅलरींच्या खाली आला. डिसेंबर ते एप्रिल तो ४०० ते ८०० कॅलरींवर होता. आपल्या हिशेबाने दिवसाला दोन ते चार भाकऱ्या, त्याही कालवणाशिवाय. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले, साखरेचं बीट खाल्लं. वीस हजारांहून जास्त माणसं मेली. पाऊस चुकला नव्हता, पीक बुडालं नव्हतं. हा दुष्काळ माणसांनी आणलेला होता. ५ मे १९४५ रोजी देश मुक्त झाला आणि काही आठवड्यांत ताटात पुन्हा पुरेसं अन्न आलं.

दुष्काळ सहसा हळूहळू येतो, रेंगाळतो, आणि त्याच्या नोंदी ठेवायला कुणाला उसंत नसते. इथे सुरुवात आणि शेवट दोन्ही ठळक होते, शिध्याचे आकडे होते, जन्मांच्या नोंदी होत्या. आई कोणत्या महिन्यात उपाशी होती आणि तेव्हा बाळ गर्भात किती आठवड्यांचं होतं, हे पुढे कितीही वर्षांनी काढता येणार होतं.

ते काढायला घेतलं झेना स्टाइन आणि मर्विन ससर या दांपत्याने. दोघे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ. डच तरुणांची एकोणिसाव्या वर्षी लष्करभरतीसाठी तपासणी होत असे. त्या लाखो नोंदी त्यांनी चाळल्या. गर्भात उपासमार सोसलेल्या मुलांची बुद्धी कमी भरेल, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला. १९७५ साली त्यांनी ते पुस्तकरूपाने जाहीर केलं: बुद्धिमापनात फरक नाही. पुष्कळांना वाटलं, निभावलं.

पण स्किझोफ्रेनियाची गाठ पुष्कळदा विशी उलटल्यावर पडते. या दांपत्याचा मुलगा एझ्रा ससर मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि त्याने सहकाऱ्यांबरोबर देशाच्या मानसोपचार नोंदवह्या उघडल्या. १९९० च्या दशकात आलेला निष्कर्ष असा: ऐन उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला त्या, म्हणजे १५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर १९४५ या काळात जन्मलेल्या मुलांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होतं.

या तारखांपाशी थोडं थांबायला हवं. ही मुलं जन्मली तेव्हा देशात भूक नव्हती. त्यांच्या आया गरोदरपणाचे शेवटचे पाच ते सात महिने पोटभर जेवल्या होत्या. सुरुवातीला उपासमार सोसलेल्या गर्भांचं जन्मवजन साधारण इतरांइतकंच भरलं. हलकी भरली ती शेवटच्या तिमाहीत उपासमार सोसलेली. म्हणजे सुईणीने तराजूत घातलं असतं तर तिने ‘बाळ गुटगुटीत आहे’ असंच सांगितलं असतं. घाव पहिल्या काही आठवड्यांत बसला होता. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. माझ्या लेखी या साऱ्या संशोधनातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. आपण बाळाचं वजन मोजतो आणि निश्चिंत होतो.

पहिल्याच महिन्यात गर्भात मेंदू आणि मज्जारज्जूची नळी तयार होऊन बंद होते. पालेभाज्या, डाळी यांतून मिळणारं फोलेट त्या वेळी कमी पडलं तर ती नीट मिटत नाही. याच तुकडीत मेंदू व मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगांचं प्रमाणही वाढलेलं आढळलं, म्हणून संशोधकांचा संशय फोलेटवर गेला. तो अजून संशयच आहे. कंदांसारखं खाण्यायोग्य नसलेलं अन्न, आईवरचा ताण, अशाही शक्यता आहेत. मात्र फोलेटच्या शोधाची पाळंमुळं आपल्या परळमध्ये आहेत. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा तिने हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा करून दाखवला. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तेच पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं.

एका देशातल्या मोजक्या रुग्णांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, ही शंका रास्त होती. तिचं उत्तर चीनमधून आलं, आणि ते फार भीषण होतं. १९५९ ते १९६१ च्या चिनी दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. आन्ह्वेई प्रांत सर्वाधिक होरपळला. तिथल्या वूहू परिसरातल्या नोंदी २००५ साली प्रसिद्ध झाल्या. १९५९ मध्ये जन्मलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया झालेले ०.८४ टक्के, १९६० मध्ये जन्मलेल्यांत २.१५ टक्के, १९६१ मध्ये १.८१ टक्के. पुन्हा दुपटीच्या आसपास. हे आकडे उलट बाजूनेही वाचले पाहिजेत. गर्भात दुष्काळ सोसलेल्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांना हा आजार झाला नाही. धोका वाढतो, नशीब लिहिलं जात नाही.

मग त्या काही आठवड्यांची खूण शरीरात उरते कुठे? डच संशोधकांनी साठीच्या आसपासच्या माणसांचं रक्त तपासलं आणि निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. गर्भारपणाच्या सुरुवातीला उपासमार झालेल्या साठ जणांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात. उपासमार सोसलेल्यांत त्या कमी निघाल्या, सहा दशकांनंतरही. जनुकाची अक्षरं तीच असतात. ती किती वाचली जावीत, हे या खुणांवर ठरतं. ‘वंश’ या शब्दावरचं टिंब पुसलं तर ‘वश’ उरतो, अक्षरं दोनच राहतात, तसं काहीसं. ही पुसलेली टिंबंच मनाच्या आजाराचं कारण आहेत, असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

नातवंडांचं काय? मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिच्या अंडाशयात तिची बीजांडं तयार झालेली असतात. म्हणजे दुष्काळात उपाशी राहिलेल्या एका गर्भार बाईच्या देहात तीन पिढ्या उपाशी असतात. ही कल्पना विलक्षण आहे, म्हणून ती फार सैलपणे वापरली जाते. आजीची भूक जनुकांवरच्या खुणांतून नातीच्या मनापर्यंत पोहोचते, याचा माणसांतला भक्कम पुरावा अद्याप नाही. ‘आघात रक्तात उतरतो’ अशी ठाम विधानं करणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी वाट मात्र स्वच्छ दिसते. ती रक्तातून नाही, घरातून जाते. डच लोक उपाशी होते त्याच हिवाळ्यात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग सुरू केला. लढायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. ती शहाणी माणसं खिन्न झाली, चिडचिडी झाली, एकमेकांना टाळू लागली, पाकपुस्तकं वाचत बसली. एवढ्या भुकेने धडधाकट तरुणांचं मन असं होतं, तर दुष्काळातून वाचलेली आई लेकरांना काय काय देत असेल? युक्रेनमध्ये १९३२-३३ सालच्या उपासमारीत लाखो माणसं मेली. तिथल्या पंधरा कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांशी बोलून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नातवंडांपर्यंत उतरलेल्या गोष्टी आहेत: अन्न साठवून ठेवण्याची घाई, परक्यांवर अविश्वास, कायमची धास्ती. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या, मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या आजीच्या हाताखाली जे वाढले, त्यांना ताटात टाकलेल्या घासावरून उठणारा तो कापरा आवाज ठाऊक असेल.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी. १९४८ साली, म्हणजे त्या हिवाळ्यातली मुलं तीन वर्षांची होती तेव्हा, फ्रीडा फ्रॉम-राइखमन या नामांकित मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली. मायेचा ओलावा नसलेली आई मुलाला आजारी करते, असं पुढची कितीतरी वर्षं शिकवलं गेलं. ट्यूलिपचे कंद उकडून जगलेल्या बायकांना मुलाच्या आजाराचा दोषही आपल्याच माथी घ्यावा लागला असता. तो अन्याय होता.

आणि हे सारं आपल्यापासून दूरचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं अभ्यासत आहेत. तिथे दिसलं की आपल्या बायकांत फोलेटपेक्षा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव जास्त आहे, आणि गरोदरपणात ते फार कमी असलेल्या आयांची मुलं नवव्या वर्षी काही बौद्धिक चाचण्यांत मागे पडली. यासाठी युद्ध लागलं नाही, दुष्काळ लागला नाही.

फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याआधीपासून घ्यायची असते. सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत दिली जाते, आशाताईंना विचारा. मज्जारज्जूची नळी २८ दिवसांत मिटते. घरातली लेक किंवा सून आई होण्याचा विचार करत असेल, तर गोळी, बी-१२ ची तपासणी आणि भरलेलं ताट तिला पाळी चुकण्याआधी मिळू द्या.