तुटीची वाटणी

नाशिक आणि धुळे जिल्ह्यांतील मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या काठी, सरकारी पाटबंधारे खाते अस्तित्वात येण्यापूर्वी कैक पिढ्या, शेतकऱ्यांनी नदीत बंधारे घालून व त्यांतून पाट काढून जी फड पद्धत रूढ केली, तिचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे; परंतु ते बहुधा बंधाऱ्याच्या बांधणीचे झाले, आणि तिचे खरे मर्म ज्या टंचाईच्या वर्षीच्या हिशेबात आहे, त्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडात एकच पीक, दरवर्षी पिकांची फेरपालट, आणि बहुतेक खातेदारांचे थोडेथोडे क्षेत्र निरनिराळ्या फडांत. पाऊस मनासारखा झाला तर सगळे फड भिजत. ओघ आटला तर गावकरी बसून एखादा फड त्या वर्षापुरता कोरडा ठेवीत. कोरडा राही तो फड, कोणी एकटा शेतकरी नव्हे. पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे, त्याच्यावर देखरेख हवालदाराची. जमिनीचा धनी बांधावर उभा असला तरी स्वतः फावडे घेऊन दारे धरण्याची त्याला मुभा नसे.

नदी लहान, माणसे एकमेकांच्या ओळखीची, म्हणून हे साधले, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यात हाच प्रश्न किती अवघड होतो पाहा. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पैठणच्या आसमंतात त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी साल बरे म्हणावयाचे. आणि सुमारे ७६ अब्ज घनफूट उपयुक्त साठ्याचे जायकवाडीचे धरण नेमके या कोरड्या टोकाला, वरून येणाऱ्या पाण्याच्या भरवशावर उभे आहे. वरच्या अंगाला १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा, त्याच्याही आधीचे दारणा, पुढे गंगापूर, मुळा. जायकवाडीचे उद्घाटन १९७६ चे. वरचे लोक वहिवाटीचा दाखला देतात, खालचे गरजेचा, आणि दोघांचीही कैफियत ऐकताना खरी वाटते.

आपली बहुतेक धरणे पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेवर आखलेली असतात, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे अपेक्षित पाणी येईल, चौथे वर्ष कमी पडेल, हे आराखड्यातच गृहीत असते. तूट येणार हे दफ्तरी नमूद असते. ती कोणाच्या पदरी टाकावयाची, एवढेच लिहिलेले नसे, आणि माझ्या मते साऱ्या पाणीतंट्यांचे मूळ या कोऱ्या रकान्यात आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने टंचाईत खोऱ्यातील सर्व धरणांनी तूट सारख्या प्रमाणात सोसावी असे तत्त्व घातले, आणि २०१३ साली मेंढेगिरी समितीने त्याला आकडा दिला: खरिपातला वापर हिशेबात धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर वरच्या धरणांनी आपापल्या साठ्याच्या मानाने पाणी सोडावे. फडाचाच न्याय हा. फक्त गावकीच्या जागी कोष्टक आले.

कोष्टकातले पाणी मात्र कागदावरून वाहत नाही. ते सोडण्यापूर्वी वाटेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठच्या पंपांची वीज तोडावी लागते, बंदोबस्ताला पोलीस लागतात. आणि इतके करूनही कोरडे पात्र आधी स्वतःची तहान भागवते, मग उरलेले पाणी जायकवाडीच्या जलाशयापर्यंत, नाथसागरापर्यंत, पोहोचते. म्हणून विसर्ग जितका लवकर, पात्र ओले असतानाच, तितकी घट कमी. पण प्रकरण न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाते, तारखा पडतात, आणि दिवाळी उलटून गेल्यावर, उन्हाने तापलेल्या वाळूत, तेच पाणी सोडावे लागते.

शिवाय पात्राने गिळलेले पाणी नाहीसे होत नाही. ते काठच्या विहिरींना पाझरते. धरणाच्या नोंदीत ती 'वहनातील घट', आणि त्याच दिवशी एखाद्या ऊसवाल्याच्या विहिरीला दोन हात पाणी चढलेले. नदीचे, धरणाचे आणि विहिरीचे पाणी एकच धरून हिशेब मांडावयाचा, तर या विहिरीही त्यात आल्या पाहिजेत. फडातला पाटकरी पाटाचे पाणी मोजून देई. या विहिरीवरची मोटार कोणी मोजत नाही.