रांगेत नसलेल्या बायका

लातूरहून नांदेडला जाणारी एसटी अहमदपूर, लोहा करत जाते. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. त्यामुळे या गाडीत मी किती वेळा बसले असेन याची मोजदाद नाही. पण गेल्या बावीस वर्षांत या रस्त्यावर पोटभर खाऊन निघाले आहे, असं एकदाही झालेलं नाही. आदल्या रात्री दोन घास, सकाळी काहीच नाही. पिशवीत गोळ्यांची पट्टी, एक जास्तीचा परकर, पाण्याची बाटली. जागा दाराजवळची. काही वर्षांपूर्वी अहमदपूर सोडल्यावर पोटात कळ आली. कंडक्टरला हळूच विचारलं, तर तो चांगुलपणानंच म्हणाला, "मावशी, आता लोह्यालाच थांबंल गाडी." त्यानंतरचा रस्ता मला खड्ड्याखड्ड्यानिशी पाठ आहे.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. प्रवास निम्म्या पैशात आला, भीती मात्र पूर्ण राहिली.

माझ्या आजाराचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. त्यातला जुलाबाचा प्रकार. मी डॉक्टर नाही, शास्त्र शिकलेली नाही. स्वतःच्या पोटाचा शोध घेता घेता वाचत गेले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न एकट्या आतड्याचा नाही. पाणी, संडास, स्वयंपाकघर आणि भाषा, या सगळ्यांतून तो जातो. म्हणून हा लेख.

दुखणं खरं, तपासण्या कोऱ्या

या आजारात दुर्बिणीतून पाहिलं तर आतडं निरोगी दिसतं. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक. बिघाड रचनेत नसतो, कामात असतो. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि त्या पेशींची संख्या कोट्यवधींत जाते. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन हे रसायनही आतड्यातच असतं. या जाळ्याची आणि मेंदूची सतत बोलाचाली चालू असते. आयबीएसमध्ये ती बिघडते. आतडं कधी फार वेगानं चालतं आणि साध्या ताणालाही ते कळ म्हणून ओरडतं.

हे ओरडणं मनाचे खेळ नव्हेत, याचा पुरावा पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. १९७३ मध्ये रिची या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. ६० मिलिलिटरपर्यंत फुगवल्यावर निरोगी माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, या आजाराच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, माप तेच. म्हणजे 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य अर्धंच खरं आहे. जखम झालेली नाही, दुखणं झालेलं आहे.

जेवण पोटात पडलं की मोठं आतडं हलतं, ही निसर्गाचीच योजना. तान्ह्या बाळात ती आपण रोज पाहतो. आमच्यासारख्यांत तीच वाजवीपेक्षा जोरात चालते. म्हणून 'जेवलं की पळावं लागतं' ही तक्रार या आजारात पुन्हा पुन्हा ऐकू येते. पाळीच्या दिवसांत अनेकींना ती वाढलेली जाणवते.

निदानासाठी जगभर 'रोम निकष' वापरतात. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ची. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखणं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांशी किंवा मळाच्या घट्ट-पातळपणाशी, यांतल्या किमान दोन गोष्टींशी संबंध असणं. तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असणं. मळाचं वर्णन करायला ब्रिस्टलची सात चित्रांची पट्टी आहे. पहिलं चित्र लेंड्यांचं, सातवं निव्वळ पाण्याचं. बोलायला लाज वाटणाऱ्या बाईला नुसतं बोट ठेवून सांगता येतं, हा मला त्या पट्टीचा सर्वात मोठा गुण वाटतो.

संग्रहणी आणि गॅस्ट्रो

आपल्याकडे या तक्रारींना शब्द नव्हते असं नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांवर आहे. कधी बांधून, कधी पातळ होणारं शौच हे त्यातलं लक्षण वाचताना मला माझीच कहाणी वाचल्यासारखं वाटलं. पुढे मराठीत 'संग्रहणी' हा शब्द रुळला. पण त्या एका शब्दात आतड्याचा क्षय, शोषणाचे विकार, जंतांचे त्रास असं बरंच काही मावत होतं. म्हणून संग्रहणी म्हणजेच आयबीएस, असं समीकरण मांडणं धाडसाचं होईल. इंग्रजी नाव १९४४ सालचं. त्याआधी तिकडेही 'नर्व्हस डायरिया' अशी नावं होती. 'बाईमाणसाच्या नाजूक नसा' हा सूर तिकडचाही जुनाच आहे.

आमच्याकडे आणखी एक शब्द दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतो : गॅस्ट्रो. 'गावात गॅस्ट्रोची साथ.' साथ ओसरते, बातमी संपते. पण अशा संसर्गातून बरे झालेल्यांपैकी साधारण दहांत एकाला पुढे आयबीएस जडतो, आणि पुरुषांच्या मानानं स्त्रियांत हा धोका सुमारे दुप्पट असतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१७ मध्ये पुढे आलं. जंतू निघून जातात, आतड्याला लागलेली सवय राहते. माझंही अशाच एका पावसाळ्यानंतर सुरू झालं.

रांगेतले पुरुष

आता ज्या आकड्यानं मला हा लेख लिहायला बसवलं, तो आकडा. पाश्चात्त्य देशांत आयबीएस स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे दीडपट आढळतो. भारतात इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कृतिगटानं अनेक केंद्रांवर मोठी पाहणी केली. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. पोटाच्या जुनाट तक्रारी घेऊन आलेल्या २७८५ रुग्णांत ६८ टक्के पुरुष होते. याच गटानं वस्त्यांमध्ये जाऊन ४५०० माणसांना विचारलं. तिथे आयबीएसचं प्रमाण ४.२ टक्के निघालं, आणि स्त्री-पुरुषांत ठळक फरक नव्हता.

वस्तीत सारख्याच, रांगेत मात्र निम्म्याहून कमी. मधल्या बायका कुठे गेल्या?

त्या घरी आहेत. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरलाही शासकीय वैद्यकीय संस्था आहे. पण तिथवर पोचायला आधी एसटीत बसावं लागतं, आणि एसटीचं मी सांगितलंच. सोबत कुणी लागतं. सोबत आलेल्या दिरासमोर किंवा मुलासमोर डॉक्टरांना सांगावं लागतं की दिवसातून किती वेळा, आणि कसं. 'अंगावरून जातंय' हे बाई बाईला सांगते. 'पोट चालतंय' हे ती एक-दोन दिवस सांगू शकते. बारा वर्षं पोट चालतंय हे सांगायला आपल्या भाषेत सभ्य वाक्यच नाही. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी येते, तीही दुसऱ्याच्या हातून.

सरकारी कागदही काही वेगळे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन बायकांच्या मुलाखती घेतात. त्यात हगवणीचा प्रश्न असतो : गेल्या दोन आठवड्यांत तुमच्या पाच वर्षांखालच्या मुलाला जुलाब झाले होते का? हा प्रश्न अत्यंत मोलाचा आहे, त्यातून मुलं वाचली आहेत. पण समोर बसलेल्या आईला तिच्या स्वतःच्या पोटाबद्दल तसं कुणी विचारत नाही.

पाणी आणि वेळ

गावात संडास नव्हते तेव्हा बायकांना परसाकडे जायच्या वेळा दोनच : पहाटे उजाडण्याआधी आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर. ज्या आजाराला वेळ नाही, तो घेऊन या दोन वेळांत जगायचं. दिवसा कळ आली तर ज्वारीचं उभं पीक हाच आडोसा, आणि सुगी झाली की तोही गेला. पुढे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, गुड मॉर्निंग पथकं आली, आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास झाले याचं मोल माझ्याइतकं कुणाला कळणार! पण संडासाला पाणी लागतं.

२०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. लोकांनी तिला 'जलदूत' म्हटलं. त्या दिवसांत मी महिनाभर माहेरी होते, आई आजारी होती. घरात पाण्याचा हिशेब तांब्यानं चालायचा. एका वेळेला अर्धी बादली धरली तरी सहा वेळांना तीन बादल्या. तेवढ्यात दोन माणसांचं दिवसाचं भागत होतं. वहिनी कधी एका शब्दानं बोलली नाही. पण संडासातून बाहेर आले की माझी नजर आधी पिंपाकडे जायची. त्या महिन्यात मी एक वेळचं जेवण सोडलं. उपास आहे म्हणून सांगितलं.

असे उपास किती घरांत चालत असतील? उपास ही मराठी बाईची सोय आहे. तिथे कारण विचारलं जात नाही.

ताटातलं

या आजारात अन्नाकडे बोट दाखवलं जातंच. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात गेल्या वीस वर्षांत 'फॉडमॅप' नावाची आहारपद्धत विकसित झाली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, पुढे जाऊन आंबणाऱ्या आणि आतड्यात पाणी ओढणाऱ्या काही शर्करा आधी काही आठवडे टाळायच्या आणि मग एकेक पदार्थ परत आणून काय सोसतं ते पाहायचं. जन्मभर सगळं सोडायचं नसतं.

टाळायची यादी वाचली आणि मला हसू आलं : कांदा, लसूण, गहू, दूध, डाळी. लातूर तर डाळीचं गाव! तुरीचा भाव इथल्या बाजारात ठरतो. पण याच यादीच्या दुसऱ्या बाजूला आपली ज्वारी आहे, तांदूळ आहे, शेंगदाणा आहे. आजीची भाकरी सोडून आपण चपातीवर आलो. माझ्यासारखीला उलट जावं लागलं. लसणाच्या बाबतीत एक युक्ती फोडणीतच आहे. त्यातली त्रासदायक शर्करा पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या की वास राहतो, त्रास टळतो.

अडचण पथ्याची नाही, पातेल्याची आहे. जी बाई सगळ्यांसाठी रांधते आणि शेवटी उरलेलं खाते, तिनं स्वतःसाठी वेगळी वाटीभर भाजी टाकायची म्हणजे घरात चर्चा. नवऱ्याला मधुमेह झाला की सारं घर साखर मोजतं. बाईचं पथ्य मात्र 'नखरे' ठरतं.

काय ओळखायचं, काय करायचं

लपवण्याचा खरा धोका वेगळाच आहे. प्रत्येक जुनाट हगवण आयबीएस नसते. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार : यांतलं काहीही असेल तर थांबायचं नाही. आतड्याचा क्षय, सिलिअॅक, थायरॉइड आधी वगळावे लागतात. पन्नाशीपुढच्या बाईत नव्यानं आलेलं पोटफुगीचं दुखणं अंडाशयाच्या कर्करोगाचंही असू शकतं. जी बाई रांगेतच येत नाही, तिचं हे वगळणार कोण?

आयबीएसच निघाला, तर तो जीव घेत नाही आणि त्यातून कर्करोगही होत नाही. हे एक वाक्य मला आठ वर्षांनी कुणीतरी नीट सांगितलं, आणि त्या रात्री मी शांत झोपले. उपाय आहेत. इसबगोल थोडं थोडं वाढवत घेणं, जुलाब रोखणारी लोपेरामाइडसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं बेतानं वापरणं, पेटके कमी करणारी औषधं. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं जुनं औषध अगदी कमी मात्रेत आतड्याच्या वेदनेवर काम करतं. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला. मात्र ते का दिलंय, हे डॉक्टरांनी बाईला आणि घरच्यांनाही समजावून सांगायला हवं. नाहीतर मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि ती 'वेडाची गोळी' होऊन कपाटात पडून राहते. मनाशी निगडित उपचारांचाही फायदा होतो. त्याचा अर्थ आजार मनाचा आहे असा नाही. मेंदू आणि आतडं यांच्यातली वाट दोन्हीकडून दुरुस्त करता येते, एवढाच.

मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली आणि बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न चारचौघांत बोलला जाऊ लागला. आमच्या रस्त्यावर अजून त्याच्या पुढचा प्रश्न बोलायचा आहे. बसस्थानकावर पाणी असलेला, आतून कडी लागणारा संडास हे आमच्यासाठी औषधच आहे. आणि घरी आलेल्या आशाताईंनी बाळाच्या पोटाचं विचारून झाल्यावर, "आणि तुमचं पोट कसं आहे?" एवढं विचारलं, तर निम्मी रांग तिथेच भरेल.

परवा नणंदेच्या नातवाच्या बारशाला लातूरला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेली सून ताटात नुसता भात चिवडत होती. "उपास आहे मामी," म्हणाली. तो चतुर्थीचा दिवस नव्हता, एकादशी नव्हती. मी हळूच विचारलं, "परतीचा प्रवास आहे म्हणून का गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जवळ बसली. बोलायला लागली ती पंगत उठेपर्यंत थांबली नाही.