थंडीतला लाल

माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. दोन्हीकडे कृष्णामाईच! महाबळेश्वरला उगम पावून ती साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते आणि कऱ्हाडवरून खाली सांगलीला जाते. मीही वर्षातून चार-सहा वेळा एस.टी.नं त्याच वाटेनं माहेरी उतरते. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात अशीच भल्या सकाळी सातारा स्टँडवर उभी होते. धुकं इतकं, की चार हातांवरचा माणूस दिसेना. त्या धुक्यातून एकदम लाल एस.टी. पुढे आली. हातात मुलानं दिलेला त्याचा जुना मोबाईल होता. सहज फोटो काढला. गाडीत बसल्यावर पाहते तर काय, सगळं करडं-पांढरं आणि मधोमध तो लाल! आयुष्यभर जिला डबडं म्हणत आले, ती गाडी इतकी देखणी?

झालं, नादच लागला. थंडी संपेपर्यंत रोज एक फोटो काढायचा आणि त्यात कुठेतरी लाल हवा, असं ठरवून टाकलं. आमच्या बचत गटातल्या बायकांना सांगितलं, तर त्याही सरसावल्या. हसतखेळत सुरू झालेलं हे वेड, पण त्यानं मला एक चूक दाखवली. तीच आज सांगायची आहे.

आधी लाल कुठे कुठे सापडला ते सांगते. मंडईत लाल गाजरांचे ढीग. संक्रांतीच्या सुगडात तीच गाजरं आणि पिकली बोरं. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर स्ट्रॉबेरीचे वाफे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं हे आपण अभिमानानं सांगतो, पण सकाळच्या गारठ्यात वाकून ती तोडणाऱ्या बायकांच्या बोटांवरचा लाल मी पहिल्यांदा फोटोतच नीट पाहिला. आटपाडीचं डाळिंब फोडलं तर आत माणकंच! माघ लागला की रस्त्याकडेला काटेसावर आणि पांगारा फुलतात. पान एक नाही, नुसती लाल फुलं. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं जात होते, पण खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायचे.

तुम्हालाही असा नाद करायचा असेल तर चार गोष्टी सांगते. त्या मी चुकत चुकतच शिकले. थंडीत सूर्य वर कमी चढतो, ऊन तिरपं पडतं. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर ते जास्त हवेतून गाळून येतं. त्यात निळा प्रकाश विखरून जातो आणि तांबूस-सोनेरी उरतो. लाल वस्तूला हे ऊन फार खुलवतं. दुसरं, मोबाईल लाल रंग भडक करतो. जास्वंदीच्या पाकळ्यांवरच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो. त्यासाठी पडद्यावर फुलावर बोट ठेवायचं आणि उजेड थोडा कमी करायचा. फ्लॅश तर वापरूच नका.

आणि तिसरी गोष्ट गंमतीची. दिवेलागणीला अंगणात उभं राहून जास्वंदीकडे पाहा. दुपारी लालभडक दिसणारं फूल काळपट दिसतं आणि पानं मात्र उजळ वाटतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे नोंदवून ठेवलं. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे फुलाचा रंग कुठे जात नाही, आपली नजर कमी पडते.

आता ती चूक. त्याच संक्रांतीला गटातल्या सगळ्यांना मी घरी हळदीकुंकवाला बोलावलं. आमच्या गटात एक काकी आहेत. त्यांचे यजमान चारेक वर्षांपूर्वी गेले. फोटो काढण्यात त्या आम्हा सगळ्यांच्या वरचढ. त्या दारात आल्या आणि मी लगबगीनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, “काकी, आज सगळ्यांचे फोटो तुम्हीच काढा हं, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा.” त्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या.

रात्री सगळं आवरल्यावर फोटो पाहत बसले. साठेक होते. कुंकू लावणारी बोटं, हसणारे चेहरे, वाणाची ताटं, तिळगूळ... एकाही फोटोत काकी नव्हत्या. शेवटचा फोटो होता कुंकवाच्या करंड्याचा. खिडकीतल्या तिरप्या उन्हात उघडा करंडा, जवळून घेतलेला. वर्षभरातला आमच्या सगळ्यांमधला सगळ्यात सुंदर लाल! आणि मला धस्स झालं. काकींना मोबाईल देऊन मी त्यांचा मान केला नव्हता. करंडा घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं मी शिताफीनं टाळलं होतं. विधवांच्या प्रश्नांवर महिला मंडळांतून भाषणं करणारी मी!

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. काय बोलावं सुचेना. त्याच म्हणाल्या, “अगं, तू काम तरी दिलंस. बाकीकडं तर बोलवतच न्हाईत.” थोडं थांबून म्हणाल्या, “कुंकू नको गं मला आता, सवय गेली. पण इचारलं असतंस तर बरं वाटलं असतं.”

इचारलं असतंस तर... एवढंच तर होतं!

त्या फाल्गुनात सांगलीला गेले, तेव्हा मार्केट यार्डात नव्या हळदीचे ढीग लागले होते. आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं. पूर्वी हरिपूरच्या पेवांत हळद साठवायचे, ती पेवं आम्ही लहानपणी डोकावून पाहायचो. त्या पिवळ्याधमक ढिगासमोर उभी असताना मनात आलं, कुंकू तरी कुठून येतं? परंपरेनं ते हळदीचंच करतात. हळदीला चुन्यासारखं काही क्षारयुक्त लागलं की ती लाल होते. तुम्ही-आम्ही हे रोज पाहतो. हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लाल होतोच ना? आज बाजारातल्या पुष्कळशा कुंकवात कृत्रिम रंग असतो ते सोडा. पण मुळात हळद तीच. मग पिवळी असताना जी सगळ्यांच्या भाजीत चालते, ती लाल झाल्यावर काहीजणींना का चालू नये?

सांगलीपासून फार लांब नाही, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव मोठाच आहे. पण तो कागदावरून आपल्या उंबऱ्यापर्यंत आणायचं काम सरपंचाचं नाही, ते आपलंच.

गेल्या संक्रांतीला मी एक साधी गोष्ट केली. दारात येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, “कुंकू लावू का?” सवाष्ण असो, लग्न न झालेली असो, नवऱ्यापासून वेगळी राहणारी असो, सगळ्यांना सारखंच. दोघी-तिघींनी भुवया उंचावल्या. एकजण तर वाण न घेताच गेली. काकी आल्या. त्यांनाही विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “हळद लाव. कुंकू ऱ्हाऊ दे. आणि ते गुलाबाचं फूल दे.” लाल गुलाब त्यांनी स्वतःच्या हातानं अंबाड्यात खोवला. चारेक वर्षांत पहिल्यांदा!

या वेळी फोटो मी काढला, त्यांना अंगणात उभं करून. दिवेलागण होत आली होती, फूल डोळ्यांना काळसरच दिसत होतं. हातही जरा हलला माझा. पण फोटोत लाल आलाय, चांगला लाल.

मैत्रिणींनो, यंदाच्या थंडीत लाल शोधून बघा. आणि हळदीकुंकू कराल तेव्हा फोटो कोण काढतंय, तेही बघा.