इंधन पंप नियंत्रक

इंधन पंप नियंत्रक : मोटारगाडीच्या टाकीतील विद्युत् पंपास मिळणारा वीजपुरवठा कमीजास्त करून एंजिनास गरजेइतके इंधन योग्य दाबाने पोहोचते ठेवणारे इलेक्ट्रॉनीय साधन. तळहातावर मावेल एवढ्या बंद पेटीत ते बसविलेले असते. त्यात हलणारा एकही भाग नसतो. तरीही ते निकामी झाल्यास धडधाकट एंजिन जागच्या जागी बंद पडते. मात्र पंप थांबला म्हणजे नियंत्रकच बिघडला, असे अनुमान काढणे बरोबर नाही. निर्दोष नियंत्रक काढून टाकला जाणे आणि मूळ दोष तसाच राहिल्यामुळे नवा नियंत्रकही जळणे, हे प्रकार दुरुस्तीच्या कामात वारंवार आढळतात. त्यामुळे नियंत्रक बदलण्याच्या कृतीपेक्षा तो बदलावा की नाही हे ठरविण्याची कृती अधिक महत्त्वाची आहे.

पहिल्या मोटारगाड्यांपैकी अनेकींत टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर असे व पेट्रोल गुरुत्वाने खाली उतरे. टाकी गाडीच्या मागील बाजूस व खालच्या पातळीवर गेल्यानंतर पंपाची गरज निर्माण झाली. कार्ब्युरेटरच्या काळातील पंप बहुधा यांत्रिक असे. कॅमदंडावरील उत्केंद्री एक तरफ हलवी, तरफेमुळे लवचिक पटल खालीवर होई आणि दर चौ. सेंमी.ला सु. ०·२ ते ०·३ किग्रॅ. एवढ्या अल्प दाबाने पेट्रोल पुढे ढकलले जाई. हा पंप तापलेल्या एंजिनाला लागूनच असल्यामुळे उन्हाळ्यात त्यातील पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खुंटत असे. मे महिन्यात तापमान ४०° से.च्या आसपास असताना ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी रस्त्याच्या कडेला थांबवून पंपावर ओले फडके ठेवणारे चालक मराठवाड्यात एकेकाळी हमखास दिसत. उपाय ओबडधोबड होता. पण दोषाचे कारण त्यांनी अचूक ओळखलेले होते.

हा बदल कसा घडत गेला हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद, नामांतर २०२३) येथील वाहन उद्योगावरून चांगले कळते. वाळूज येथील बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तेथून बाहेर पडणाऱ्या दुचाकी व तीनचाकी गाड्या कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या होत्या. २००० पासून देशात उत्सर्जनाचे मानदंड टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि मोटारगाड्यांत कार्ब्युरेटरची जागा अंतःक्षेपणाने घेतली. शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये आलेल्या सुपर्ब गाडीच्या १·८ लिटर पेट्रोल एंजिनात इंधन थेट सिलिंडरात फवारले जाई. अशा एंजिनासाठी स्वतंत्र पंप नियंत्रक लागतो व या गाडीत तो मागील बाकाखाली, टाकीच्या झाकणाजवळ असतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानदंड लागू झाल्यावर बहुसंख्य दुचाकींच्या टाकीतही विद्युत् पंप आला. दुचाकीत मात्र सामान्यतः स्वतंत्र नियंत्रक नसतो; रिलेमार्फत पंप सुरू वा बंद करणे एवढेच काम तेथे पुरेसे असते.

रचना व कार्य : अंतःक्षेपणाच्या पद्धतीत पेट्रोलला दर चौ. सेंमी.ला सु. ३ ते ४ किग्रॅ. दाब द्यावा लागतो. थेट अंतःक्षेपणात टाकीतील पंप सु. ४ ते ६ किग्रॅ. दाब निर्माण करतो व एंजिनावरील दुसरा, यांत्रिक पंप तो शंभराच्या पुढे नेतो. टाकीतील पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. विजेची मोटर पेट्रोलमध्ये ठेवणे वरवर पाहता धोक्याचे वाटते. पण टाकीतील बाष्प इतके दाट असते की, त्यात ज्वलनास पुरेशी हवा नसते. शिवाय भोवतालचे पेट्रोल मोटरीस थंड ठेवते व वंगणाचेही काम करते. टाकी सतत रिकामी होईपर्यंत गाडी चालविणाऱ्यांचे पंप लवकर झिजतात, ते यामुळेच.

आरंभीच्या विद्युत् पंपांना नियंत्रक नव्हता. पंप सर्वकाळ पूर्ण वेगाने चाले आणि एंजिनाला न लागलेले पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत येई. परत येताना ते एंजिनाची उष्णता घेऊन येई. त्यामुळे टाकीत बाष्प वाढे, वीज वाया जाई व पंपाची झीजही होई. नियंत्रकामुळे हे टळते. नियंत्रकातील ट्रँझिस्टर पंपाचा पुरवठा सामान्यतः दर सेकंदाला हजारो वेळा जोडतो व तोडतो. जोडलेल्या अवस्थेचा काळ निम्मा असेल, तर १२ व्होल्ट पुरवठ्यातून पंपाला सरासरी ६ व्होल्ट मिळतात. हा काळ वाढविला की पंपाचा वेग वाढतो. किती वाढवावयाचा हे एंजिनाचा मुख्य नियंत्रक दाबाच्या संवेदकावरून ठरवितो व बारीक तारेने कळवितो. म्हणून नियंत्रकाच्या जोडणीत किमान पाच तारांचा विचार करावा लागतो : पुरवठा, भूजोडणी (मिस्त्री जिला अर्थिंग म्हणतात ती), आज्ञेची तार आणि पंपाकडे जाणाऱ्या दोन तारा. अलीकडील कित्येक पंपांची मोटर ब्रशविरहित असून तिला तीन तारा असतात.

बिघाडाची कारणे : नियंत्रकाचा प्रमुख शत्रू उष्णता होय. ट्रँझिस्टरमधील उष्णता विद्युत् प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नव्या पंपास सु. ६ अँपि. प्रवाह लागत असेल व झिजलेला किंवा कचऱ्याने जड झालेला पंप १२ अँपि. घेऊ लागला, तर ट्रँझिस्टरमध्ये चौपट उष्णता निर्माण होते. पंप तरीही काही महिने चालत राहतो. जळतो तो नियंत्रक. अशा गाडीत केवळ नियंत्रक बदलणे म्हणजे नव्या नियंत्रकाला त्याच भट्टीत ठेवणे होय.

दुसरे कारण ओल. नियंत्रक जेथे चाकाजवळ पोलादी चौकटीवर बसविलेला असतो, तेथे चिखलपाण्यामुळे त्याचे ॲल्युमिनियमचे आवरण आणि पोलाद यांच्यात विद्युत् रासायनिक क्षरण होते, आवरणाला भोके पडतात व पाणी आत शिरते. त्यासाठी दोहोंमध्ये अंतर राखणारे टेकू वापरतात. बाकाखालील नियंत्रक यापासून सुरक्षित असला, तरी गाडी धुताना झिरपलेले पाणी त्याच्या जोडणीत साचू शकते.

तिसरे व सर्वांत फसवे कारण नियंत्रकाच्या बाहेर असते. भूजोडणीच्या गंजलेल्या टोकाचा रोध अवघा ०·५ ओहम असला, तरी ६ अँपि. प्रवाह असताना तेथे ३ व्होल्ट खर्ची पडतात व १८ वॉट उष्णता निर्माण होते. पंप मंदावतो, दाब घटतो आणि दोष नियंत्रकाच्या माथी येतो.

निदान : बिघडू लागलेला नियंत्रक आरंभी पूर्ण बंद पडत नाही. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते. परंतु दुपारच्या उन्हात कन्नडचा घाट चढताना, इंधनाची गरज सर्वांत जास्त असताना, ती दम तोडते. अर्धा तास थांबल्यावर पुन्हा सुरू होते आणि गॅरेजात पोहोचते तेव्हा दोष नाहीसा झालेला असतो. वळणावर मागून मालवाहू गाड्या येत असताना एंजिन असे बंद पडणे हा अपघाताचा प्रसंग असतो. म्हणून एकदाच घडले, असे म्हणून या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये. मात्र गाळणी तुंबल्यासही घाटात हेच लक्षण दिसते.

तपासणीयंत्र जोडल्यावर मिळणारे संकेतांक दिशा दाखवितात, निर्णय देत नाहीत. पी ००८७ हा संकेतांक इंधनाचा दाब अपुरा असल्याचे, तर पी ०२३० हा पंपाच्या मंडलात दोष असल्याचे सांगतो. या मंडलात फ्यूज, रिले, तारा, जोडण्या, पंप हे सर्व येतात. अपघातात हवापिशवीच्या यंत्रणेकडून संदेश आल्यास कित्येक गाड्यांत पंप मुद्दाम बंद केला जातो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

यानंतर पंप चालू असताना मोजमापे घेतात, कारण प्रवाह नसेल तर गंजलेली जोडणीही पूर्ण व्होल्ट दाखविते. बॅटरीच्या धन अग्रापासून नियंत्रकाच्या पुरवठ्यापर्यंत ०·५ व्होल्टपेक्षा व भूजोडणीत ०·२ व्होल्टपेक्षा जास्त घट असल्यास प्रथम तारा दुरुस्त कराव्यात. मग पंपाचा प्रवाह मोजावा. पुरवठा, भूजोडणी व आज्ञा ही तिन्ही ठीक असून पंपाकडे वीज जात नसेल, तरच नियंत्रक दोषी ठरतो. आज्ञेचे स्पंद साध्या बहुमापकावर केवळ सरासरी म्हणून दिसतात. त्यांचा आकार पाहण्यास दोलनदर्शक लागतो. पंपाला बॅटरीची वीज थेट देऊन पाहण्याची जुनी युक्ती दोन तारांच्या पंपापुरती ठीक आहे. ब्रशविरहित पंपावर ती केल्यास चांगला पंप जळतो.

बदलण्याची रीत : नियंत्रक वेगळा असेल, तर इंधनाची नळी उघडावी लागत नाही व काम अर्ध्या तासाचे असते. टाकीच्या झाकणातच तो बसविलेला असल्यास मात्र नळीतील दाब आधी काढून घेतात. काम मोकळ्या हवेत, ज्योत व ठिणगी यांपासून दूर करतात आणि प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवितात. हा नियम केवळ औपचारिक नाही : काही गाड्यांत चालकाचे दार उघडताच दाब तयार ठेवण्यासाठी पंप काही क्षण आपोआप चालतो. नळी उघडी असताना कोणी दार उघडले, तर पेट्रोल बाहेर फवारले जाईल.

नव्या नियंत्रकाचा क्रमांक गाडीच्या सांगाडा क्रमांकावरून पडताळून घ्यावा लागतो. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन पेट्यांची अंतर्गत मांडणी भिन्न असू शकते. भंगारातील गाडीचा नियंत्रक स्वस्त मिळतो, पण त्याने किती उष्णता सोसली हे कळण्यास मार्ग नसतो. जुन्या जोडणीतील प्रत्येक टोक हिरवटपणा, काळवंडणे किंवा सैलपणा यांसाठी पाहतात; वितळलेल्या प्लॅस्टिकची जोडणी तारांसह बदलतात. आवरणाची पाठ ज्या पत्र्याला टेकते तो स्वच्छ करतात व मूळचे सर्व स्क्रू पुन्हा बसवितात, कारण उष्णता त्या वाटेने बाहेर जाते. प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून लोंबकळत ठेवलेला नियंत्रक फार काळ टिकत नाही. काही गाड्यांत तपासणीयंत्राने नव्या नियंत्रकाची ओळख मुख्य नियंत्रकास करून द्यावी लागते. इतरांत याची गरज नसते.

बॅटरी जोडून किल्ली फिरविल्यावर पंपाचा आवाज सु. दोन सेकंद ऐकू येतो. दाब मोजतात, नळी उघडली असल्यास गळती पाहतात, संकेतांक पुसून टाकतात व गाडी पूर्ण तापेपर्यंत चढावर चालवितात. परत आल्यावर नियंत्रकाच्या आवरणाचे तापमान आणि पंपाचा प्रवाह पुन्हा मोजतात. प्रवाह अजूनही प्रमाणाबाहेर असल्यास पंप व गाळणी त्याच वेळी बदलतात.