कार्ड गेलं, चिंगम राहिलं



आजच्या भागात आपण एका अशा धंद्याची माहिती घेणार आहोत, ज्याचा आपल्या बचत गटाशी वरवर काहीच संबंध दिसत नाही. खेळाडूंच्या फोटोची कार्डं छापून विकणारी ही एक अमेरिकी कंपनी. तिचं नाव टॉप्स. सत्तर वर्षं ती या धंद्यात होती. विक्री अगदी जोरात चालू असताना एका बातमीसरशी तिचा पाया निघून गेला. तो कसा गेला हे नीट समजून घेतलं, तर मसाला, पापड, शिलाई किंवा डाळ मिल चालवणाऱ्या आपल्या गटांच्या हाती बरंच काही लागतं.

आधी कार्ड म्हणजे काय ते सांगते. घरात दहा-बारा वर्षांचं लेकरू असेल तर तुम्ही ती पाहिलेली असतील. शाळेजवळच्या टपरीवर मिळतात, माळेगावच्या जत्रेत मिळतात. कुणावर क्रिकेटपटूचा फोटो, कुणावर टीव्हीवरच्या पैलवानाचा. मागच्या बाजूला त्याच्या धावा, उंची, वजन असं काहीबाही छापलेलं. आयपीएलच्या खेळाडूंची 'क्रिकेट अटॅक्स' नावाची कार्डं याच टॉप्स कंपनीने भारतात विकली होती. पाकीट बंद असतं. आत कोण निघेल ते विकत घेतल्याशिवाय कळत नाही. हवा तो खेळाडू निघेपर्यंत पोरं पाकिटं घेत राहतात आणि दोनदा आलेलं कार्ड मित्राशी बदलतात. सगळा धंदा या उत्सुकतेवर चालतो.

टॉप्सची सुरुवात मात्र कार्डापासून झाली नाही. १९३८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात शोरिन घराण्यातल्या भावांनी चिंगम बनवायची कंपनी काढली. 'बझूका' हे त्यांचं चिंगम पुढे फार चाललं. १९५१ पासून त्यांनी बेसबॉल खेळाडूंची कार्डं काढायला सुरुवात केली. आपल्याकडे जसं क्रिकेटचं वेड, तसं त्यांच्याकडे बेसबॉलचं. हळूहळू असं झालं की लेकरं कार्डासाठी पाकीट घ्यायची आणि चिंगम नुसतं सोबत यायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तर कार्डाच्या पाकिटातून चिंगम काढूनच टाकलं. मूळ माल बाजूला पडला आणि फुकट दिलेली वस्तू धंदा होऊन बसली.

आता एका कागदाच्या तुकड्याला किंमत कशी येते ते पाहू. १९५२ सालची काही कार्डं खपली नाहीत. गोदामात जागा अडवून बसली. ती कार्डं तयार करणाऱ्या साय बर्जर यांनी पुढे सांगितलं की १९६०च्या सुमारास त्यांनी ती बोटीत भरून समुद्रात टाकून दिली. त्यात मिकी मँटल या खेळाडूचीही कार्डं होती. जी थोडी लोकांच्या घरात राहिली, ती पुढे दुर्मीळ झाली. त्यातलं एक उत्तम स्थितीतलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १०० कोटी रुपयांना. कागद तोच आणि शाईही तीच. कार्डं थोडी उरली होती आणि मागणारे खूप होते, म्हणून किंमत आली.

अशा बातम्या ऐकून १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या लोकांनी कार्डं पोतडीत भरून ठेवायला सुरुवात केली. पोराच्या शिक्षणाला, म्हातारपणाला कामी येतील म्हणून. १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्याही बाजारात उतरल्या, मग स्कोर आली, अपर डेक आली. मागणी दिसली तशी सगळ्यांनी भरमसाट छपाई केली. पण जे प्रत्येकाच्या पोतडीत आहे, ते शेजाऱ्याकडून विकत कोण घेणार? १९९४ मध्ये बेसबॉलपटूंनी संप केला आणि त्या वर्षीची सर्वांत मोठी स्पर्धाच रद्द झाली, तसा उरलासुरला उत्साहही ओसरला. त्या काळातली बहुतेक कार्डं आज जवळपास रद्दीच्या भावाची आहेत. फ्लीअर ही कंपनी १८८५ पासूनची होती. फुगा येणारं चिंगम तिच्याच कारखान्यात १९२८ साली पहिल्यांदा जमून आलं होतं. तीही शेवटी २००५ मध्ये बंद पडली. एका वर्षी टोमॅटोला भाव आला म्हणून पुढच्या वर्षी सगळ्या शिवाराने टोमॅटोच लावला, की बाजारात काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

टॉप्स मात्र या पडझडीतून वाचली. कोरोनाच्या काळात लोक घरी बसले, जुनी पोतडी उघडली, कार्डांचं वेड परत आलं. २०२० साली टॉप्सची एकूण विक्री ५६ कोटी ७० लाख डॉलर झाली. एप्रिल २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आणायचा सौदा ठरला आणि तिची किंमत धरली गेली १३० कोटी डॉलर. मालक खुशीत होते.

आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बातमी आली. बेसबॉलच्या मुख्य संघटनेने आणि खेळाडूंच्या युनियनने टॉप्सला कळवलं, की आत्ताचा करार संपला की तुमचा परवाना पुढे वाढणार नाही. यापुढचा परवाना फॅनॅटिक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीला दिला आहे.

हा परवाना काय असतो? खेळाडूचं नाव आणि चेहरा हा त्या खेळाडूचा. संघाचं नाव, चिन्ह, गणवेश हा संघाचा. ते छापायचे तर त्यांची परवानगी लागते आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. टॉप्सकडे छपाई होती, दुकानदार होते, सत्तर वर्षांचा अनुभव होता. पण कार्डावर छापायचा चेहरा तिचा नव्हता. फॅनॅटिक्सने संघटनेला आणि युनियनला नव्या कार्ड कंपनीत हिस्साच देऊ केला. टॉप्स त्यांना फक्त परवान्याचे पैसे देत होती. मग त्यांनी कुणाकडे जायचं, हे उघड होतं.

बातमी फुटताच शेअर बाजाराचा तो १३० कोटींचा सौदा मोडला. करार संपायला अजून अवधी होता, यंत्रं चालू होती, माल विकला जात होता. तरी कंपनीची किंमत ढासळली, कारण घेणारा उद्याचा विचार करून पैसे देतो. जानेवारी २०२२ मध्ये टॉप्सचा कार्डांचा धंदा त्याच फॅनॅटिक्सने सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेतला. टॉप्स हे नाव आजही कार्डांवर दिसतं, फक्त मालक दुसरा आहे.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. विक्रीच्या वेळी टॉप्सच्या जुन्या मालकांनी चिंगम-गोळ्यांचा धंदा स्वतःकडे ठेवला. बझूका चिंगम, बोटात अंगठीसारखी घालून चोखायची गोळी, असा सगळा माल. कुणाच्या परवान्यावर तो चालत नव्हता. नाव त्यांचं, कृती त्यांची. तो धंदा २०२३ मध्ये विकला गेला, आणि बातम्यांनुसार त्याला सुमारे ७० कोटी डॉलर मिळाले. जे चिंगम कार्डाच्या पाकिटातून काढून टाकलं होतं, तेच कार्डांपेक्षा महाग गेलं!

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं अमेरिकेतलं. आपल्या जवळचंही ऐका. २०२१ साली 'रारिओ' नावाची कंपनी निघाली. ही क्रिकेटपटूंची कार्डं विकायची, पण कागदाची नाही, मोबाइलमधली. त्याला एनएफटी म्हणतात. म्हणजे फोनमधल्या चित्राची किंवा व्हिडिओची मालकी अमक्याची आहे, अशी संगणकावरची नोंद. एप्रिल २०२२ मध्ये या कंपनीत १२ कोटी डॉलरची गुंतवणूक आली आणि त्यात पुढाकार होता मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सच्या गुंतवणूक शाखेचा. ड्रीम इलेव्हन ज्यांचं, तेच हे ड्रीम स्पोर्ट्स.

पण त्याच १ एप्रिल २०२२ पासून अशा डिजिटल मालाच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, आणि १ जुलैपासून प्रत्येक व्यवहारात १ टक्का आधीच कापला जाऊ लागला. त्याच वर्षी जगभरात एनएफटीचा बाजार कोसळला. काल लाखो रुपये देणारे लोक आज फिरकेनासे झाले. पुढे एका स्पर्धक कंपनीने परवाना न घेता खेळाडूंची नावं आणि चित्रं वापरून तशीच कार्डं काढली. रारिओ आणि काही क्रिकेटपटू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला. खेळाडूचं नाव आणि खेळाची आकडेवारी ही सगळ्यांसमोर असलेली माहिती आहे, ती अशा प्रकारे वापरता येते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणजे टॉप्सचा परवाना दुसऱ्याला गेला, आणि इथे तर परवाना नसतानाही दुसऱ्याला धंदा करता येतो असं निघालं. दोन्हीकडे भरवसा होता तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आणि दुसऱ्याच्या शब्दावर.

आता आपल्या गटाकडे येऊ. २०२४-२५ च्या शाळेच्या वर्षात राज्यात 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली. कापड एका ठिकाणाहून घ्यायचं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांनी करायची, असं ठरलं. अनेक जणींना काम मिळालं. गणवेश उशिरा मिळाल्याच्या, मापात न बसल्याच्या तक्रारीही राज्यभरातून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. एक कागद निघाला आणि काम आलं, दुसरा निघाला आणि गेलं. ज्या गटाने तेवढ्याच कामाच्या भरवशावर कर्ज काढून मशिनी घेतल्या असतील, त्याचा हप्ता काही त्या कागदासोबत थांबत नाही.

म्हणून अशी कामं घ्यायचीच नाहीत का? जरूर घ्यावीत. टॉप्सने सत्तर वर्षं परवान्यावर चांगलं कमावलं. पण काम घेताना आणि पैसे गुंतवताना बैठकीत तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं प्रोसिडिंगच्या वहीत लिहायची.

पहिला प्रश्न, हे अजून किती जण करतायत? आपल्या गावात चार गट मिरची मसाला करतात आणि पाचवा आपणही तोच करणार असू, तर आपल्यात वेगळं काय ते आधी ठरवा.

दुसरा प्रश्न, हे काम कुणाच्या परवानगीवर चालतं? एकच व्यापारी, एकच कार्यालय, एकच शाळा असेल तर करार किती दिवसांचा आहे ते लेखी घ्या. जेवढ्या महिन्यांचं काम पक्कं, तेवढ्याच महिन्यांत फिटेल एवढंच कर्ज घ्या.

तिसरा प्रश्न, उद्या हे आपल्याकडून कोण घेणार, आणि कशासाठी? खायला घेणार, नेसायला घेणार, की पुढे महाग विकायला? नुसतं 'भाव वाढणार आहे' म्हणून कुणी काही गळ्यात मारत असेल, मग ते कार्ड असो, प्लॉट असो की मोबाइलमधलं नाणं, तर गटातल्या चार जणींना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. हा प्रश्न घरातल्या पोरांनाही विचारायला शिकवा. दहा रुपयांचं पाकीट घेणं म्हणजे खेळ झाला. बापाच्या फोनवरून हजार रुपये टाकून 'नंतर विकीन' म्हणणं हा जुगाराच्या शेजारचा रस्ता आहे. रागावण्याआधी त्याला जवळ बसवा आणि विचारा, 'बाळा, हे तुझ्याकडून घेणार कोण?'

आणि शेवटी, आपलं चिंगम कोणतं ते शोधा. म्हणजे परवानगी गेली तरी आपल्याकडे उरणारी वस्तू. ती हळदीची पूड असेल, शेवया असतील, कुरडया असतील, एखादीच्या हातचा लोणच्याचा मसाला असेल. त्याला गटाचं स्वतःचं नाव द्या. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करा. नाव चालायला लागलं की त्याची ट्रेडमार्क नोंदणीही करता येते. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. दहा जणींच्या गटात ही रक्कम माणशी ४५० रुपये पडते. एवढी तयारी नसेल तर निदान पाकिटावर दरवेळी तेच नाव, तोच रंग आणि तोच दर्जा ठेवा, म्हणजे कंधारच्या बाजारात गिऱ्हाईक नाव घेऊन मागेल.

पुढच्या बैठकीत वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढा. डाव्या बाजूला लिहा, दुसऱ्याच्या शब्दावर मिळणारं काम. उजव्या बाजूला लिहा, आपल्या नावावर विकलं जाणारं काम. गेल्या वर्षी कुठून किती रुपये आले ते दोन्हीकडे मांडा. डावी बाजू मोठी निघाली तर घाबरायचं कारण नाही, बहुतेक गटांची तशीच निघेल. या वर्षी उजवीकडे एक ओळ वाढवायची, एवढं ठरवून उठा.

भेटू पुढच्या भागात.