धानाच्या पानावरून औषध का घरंगळते? समजून घ्या साबणाचे विज्ञान

ब्रह्मपुरी : धानावर करप्यासाठी फवारणी करताना पंपात औषधासोबत ‘स्टिकर’ही टाकतात. ते कशासाठी?

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. हाच पृष्ठताण. २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. त्यात धानाचे पान मेणचट. साहजिकच थेंब गोल राहतो आणि औषधासह बांधीत घरंगळतो. औषधाचा पैसा पाण्यात जातो.

साबण काय करतो?

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे पाण्यापासून दूर पळते. असे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात आणि पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो. मग थेंब पसरतो, पान भिजते. स्टिकरचे कामही याच तत्त्वावर चालते.

मग घरचा साबण चालेल?

टाळलेलाच बरा. जड पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियममुळे साबणाचा साका धरतो आणि नोझल तुंबू शकते. कपडे धुण्याच्या पावडरने पाने करपू शकतात. स्टिकरही लेबलवरील मात्रेतच घ्यावे. जास्त झाले, तर द्रावण पानावर न थांबता ओघळून जाते आणि पैसा पुन्हा बांधीतच जातो.