धावा, पण हायवेवर नको!

पनवेल हे जुने गाव. १८५२ साली येथे नगरपालिका आली, २०१६ साली महापालिका झाली. तालुक्यातले शिरढोण तर आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. त्यांच्या नावाने सगळ्या गावाने एकदा मिळून धावावे, असे वाटते ना? मग सरपंच आणि ग्रामपंचायतीची मंडळी, दोन गोष्टी आधी ध्यानात घ्या.

पहिली तारीख. फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. पण तेव्हा भातकापणीची घाई. विळा टाकून धावायला कोण येणार? पुण्यतिथी १७ फेब्रुवारीला, साल १८८३. तोवर भात घरात आलेले असते, सकाळी गारवाही असतो. हीच तारीख बरी.

दुसरा रस्ता. मुंबई-गोवा महामार्ग रुंद, म्हणून मोह होतो. पण कंटेनर पोराबाळांसाठी थांबत नाही. गावातल्या रस्त्यानेच फेरी काढा. दोन-तीन किलोमीटर पुष्कळ झाले. पोलिसांना लेखी अर्ज आधीच द्या. प्रत्येक वळणावर एक माणूस, दर किलोमीटरला पाण्याचे पिंप, रुग्णवाहिका हाताशी. सातला सुरुवात करा. ऊन चढायच्या आत आटोपले पाहिजे.

आणि हो, नंबर काढू नका. नंबर आला की चार पोरे धावतात, बाकी गाव कडेला उभे राहून बघते. आजीबाई चालत आल्या तरी टाळ्या वाजवा. शेवटचा माणूस पोचेपर्यंत पाण्याचे पिंप उचलू नका, म्हणजे झाले!